गोल्डला सोडायला नको होतं

२०१६ साली हरतालिका रविवारी आली होती, ४ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी गणपती, आणि इथे अमेरिकेत नेमकी लेबर डेची सुट्टी. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये असा योग क्वचित येतो, त्यामुळे घर माणसांनी भरलेलं होतं. माझा उपास होता. धाकटे दीर शिडीवर उभे राहून मखराला दिव्यांची माळ लावत होते आणि मी खालून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला. एका हाताने माळ धरून त्यांनी तो पाहिला आणि तसेच थांबले.

"वहिनी, गोल्डला काढलं."

"कुणी?"

"बेअर्सनी. अकरा वर्षं खेळला आणि काढलं."

माळ त्यांनी पुढे लावली, पण डावीकडे ती सैल राहिली. त्या गणपतीत आरतीला उभी राहिले की माझी नजर तिथेच जायची.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे. शिकागो बेअर्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाने त्यांचा किकर रॉबी गोल्ड याला ठेवायला हवं होतं की नाही? भाऊजी म्हणतात, सोडलं ते त्या वेळेपुरतं बरोबरच होतं. मी म्हणते, नव्हतं. इतक्या वर्षांत दोघांचेही मुद्दे एकमेकांना पाठ झालेत. माझी बाजू मात्र मी कधी सलग मांडलेली नाही, आज मांडते.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संघात ५३ माणसं असतात. बहुतेक सगळी एकमेकांना भिडतात, आपटतात, धुळीत लोळतात. किकर तेवढा बाजूला, रेषेबाहेर उभा. त्याला सामन्यात चार-पाच वेळा आत बोलावतात. रांगेतला एक जण पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो, दुसरा तो गुडघ्यावर बसून पकडतो, जमिनीवर उभा धरतो, शिवण पुढच्या बाजूला फिरवतो, आणि किकर लाथ मारतो. हे सगळं साधारण सव्वा सेकंदात. समोर दोन खांब, मधलं अंतर साडेअठरा फूट, दहा फुटांवर आडवी दांडी. दांडीवरून आणि खांबांमधून गेला तर फील्ड गोल, ३ गुण. चुकला तर काहीच नाही, उलट चेंडू समोरच्यांकडे. साठ मिनिटं बावन्न जणांनी घाम गाळायचा आणि शेवटी सगळा निकाल या एकट्याच्या पायावर. जिंकले तर संघ जिंकला, हरले तर किकर हरला. मला या खेळात पहिल्यांदा रस वाटला तो या माणसामुळेच.

नावाचं स्पेलिंग 'गूल्ड' वाचावंसं वाटेल असं आहे, पण उच्चार गोल्ड. पेन स्टेट विद्यापीठात खेळला, पण २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलं नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या सराव शिबिरात गेला, तर तिथे ॲडम व्हिनाटिएरी बसलेला, त्या काळातला सगळ्यात भरवशाचा किकर. तिथून परत. त्या शरद ऋतूत तो पेनसिल्व्हेनियात बांधकामाच्या साइटवर काम करत होता. इकडे बेअर्सच्या किकरने चारपैकी एकच फील्ड गोल मारला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी गोल्डला बोलावलं. आला तो अकरा मोसम राहिला.

दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, त्याने ओळीने २६ फील्ड गोल मारले. जानेवारी २००७ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध सामना जादा वेळेत गेला, तेव्हा ४९ यार्डांवरून मारून २७-२४ ने जिंकून दिला. त्या वर्षी बेअर्स सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथे हरले. समोरच्या कोल्ट्सचा किकर होता तोच व्हिनाटिएरी. २०१५ मध्ये गोल्डने केविन बटलरचा विक्रम मोडला आणि बेअर्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण करणारा खेळाडू झाला. सोडलं तेव्हा त्याच्या नावावर १,२०७ गुण होते. ३२३ पैकी २७६ फील्ड गोल.

आणि हे सगळं सोल्जर फील्डवर. हे मैदान अगदी मिशिगन लेकच्या काठाला आहे. लेकवरून वारा आत येतो आणि त्या वाटीसारख्या बांधणीत फिरत राहतो. मी तिथे बसून पाहिलंय. खांबांच्या टोकाला नारिंगी फिती बांधलेल्या असतात. एका बाजूची फीत शहराकडे फडफडत असते, त्याच वेळी समोरच्या खांबाची निपचित लोंबत असते. डिसेंबरात गवत कडक होतं, पाय सरकतो. अशा जागी अकरा वर्षं लाथ मारणाऱ्याला जे ठाऊक असतं ते त्याच्या टक्केवारीत दिसत नाही. कोकणातल्या तांडेलाला खाडीच्या मुखाशी पाणी कुठे वळतं ते कळतं, ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं. होडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की ते ज्ञानही तांडेलाबरोबरच जातं. माझ्या बाजूचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आता भाऊजींची बाजू, कारण ती कच्ची नाही. २०१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध शेवटच्या क्षणी ३६ यार्डांचा फील्ड गोल गोल्डने चुकवला आणि सामना जादा वेळेत गेला, तिथे बेअर्स हरले. पुढच्याच रविवारी वॉशिंग्टनविरुद्ध ५० यार्डांचा चुकला, ३ गुणांनी हरले. त्याच वर्षी एक्स्ट्रा पॉइंटची किक, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेल्यावर मिळणारी एका गुणाची जादा किक, मागे नेऊन ३३ यार्डांची केली होती. २०१६ च्या सरावसामन्यांतल्या शेवटच्या लढतीत त्याचे असे दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. माणूस चौतिशीचा. पगार मोठा. संघ सगळा नव्याने बांधायचाय. जुनं एक-एक काढत जायचं असतं, त्यात किकर कसा अपवाद?" आणि खरंच, २०१६ मध्ये बेअर्स ३ सामने जिंकले, १३ हरले. गोल्ड असता म्हणून काय झालं असतं? चार झाले असते.

हे मला मान्य आहे. पण दोन चुकलेल्या लाथा पाहायच्या की २७६ लागलेल्या? घरातल्या माणसाच्या चुका मोजायला आपल्याला फार वेळ असतो. बाहेरचा आला की त्याच्याकडे आशेने बघतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला त्या वर्षी नव्याने कळलं.

बेअर्सनी कॉनर बार्थला आणलं. त्याने २३ पैकी १८ मारले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या क्षणी ४६ यार्डांचा चुकला आणि दुसऱ्या दिवशी त्याचीही बॅग भरली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ डिसेंबर २०१७ ला, गोल्ड सोल्जर फील्डवर परत आला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या जर्सीत. भाऊजींनी तिकिटं काढली होती. दुपारी बाराचा सामना, आम्ही अकराच्या आतच जाऊन बसलो. तो सरावाला बाहेर आला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगावर गोल्डच्याच नावाची, ९ नंबरची बेअर्सची जुनी जर्सी होती. अक्षरांचे कोपरे उसवलेले. ते उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि त्याच्या दहा-बारा किक होईपर्यंत तसेच उभे होते. टाळ्या वाजवल्या नाहीत, ओरडले नाहीत. मी सामन्यापेक्षा जास्त त्यांच्याकडेच बघत होते.

सामना आम्ही १४-१५ असा हरलो. समोरच्यांचे १५ गुण म्हणजे पाच फील्ड गोल, पाचही गोल्डचे. शेवटचा २४ यार्डांवरून, ४ सेकंद उरलेले असताना. त्या संघाला एकदाही चेंडू रेषेपलीकडे नेता आला नाही, त्यांनी फक्त गोल्डला आत पाठवलं. पाचही वेळा तो वाऱ्याकडे एकदा बघायचा आणि मान खाली घालायचा. त्याला तिथे कुणाला काही विचारायची गरज नव्हती. परतताना मेट्राच्या गाडीत भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण सोडलं म्हणून तो सुधारला असेल. इथे राहिला असता तर हेच झालं असतं असं नाही."

हा त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि याला उत्तर कुणाकडेच नाही. त्या वर्षी त्याने ४१ पैकी ३९ मारले, पुढच्या वर्षी ३४ पैकी ३३. शिकागोत हे घडलं असतं का, कोण सांगणार?

अशा वादांची मला लहानपणापासून सवय आहे. १९८४ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांची होते, आम्ही दादरला चाळीत राहायचो. दिल्लीची कसोटी भारत इंग्लंडविरुद्ध हरला. कपिल देव आणि संदीप पाटील दोघेही उंच फटका मारायला जाऊन बाद झाले होते आणि दोघांनाही पुढच्या कोलकात्याच्या कसोटीतून वगळलं. कोलकात्यात 'नो कपिल, नो टेस्ट'चे फलक लागले. कपिल एका सामन्यानंतर परत आला. आमच्या गॅलरीत मात्र वाद होता तो संदीप पाटीलवरून. शिवाजी पार्कात वाढलेला, आमच्याच भागातला. ॲडलेडला १७४, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार. बाबा कठड्याला टेकून म्हणायचे, एका फटक्यासाठी माणूस काढतात का? समोरच्या खोलीतले काका म्हणायचे, शिस्त नको? बाबांचा चहा गार व्हायचा.

मग काय झालं? पाटीलच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पहिल्याच कसोटीत ११० केल्या. पुढच्या दोन कसोट्यांतही शतकं. गॅलरीतला वाद पंधरा दिवसांत विझला. संदीप पाटील पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही आणि ते बरोबर होतं का चूक, हे विचारायचं कुणाला कारणच उरलं नाही. बाबांनी मात्र विचारणं सोडलं नाही. ते म्हणायचे, नवा पोरगा चांगला निघाला हा त्याचा गुण, त्याने आधीचा निर्णय बरोबर ठरत नाही. (तोच संदीप पाटील पुढे २०१२ ते २०१६ निवड समितीचा अध्यक्ष होता. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायच्या बैठकीत बसताना त्याला ती दिल्ली आठवत असेल का, असं माझ्या फार वेळा मनात येतं.)

भाऊजी व्हिनाटिएरीचं उदाहरण देतात ते असंच आहे. २००६ मध्ये पेट्रियट्सनी त्याला जाऊ दिलं, तेव्हा न्यू इंग्लंडात लोक हळहळले. पण त्याच्या जागी आलेला स्टीफन गोस्टकोव्स्की पुढे त्या संघाचा सर्वाधिक गुण करणारा खेळाडू झाला. तिकडे व्हिनाटिएरी २०१९ पर्यंत खेळला आणि सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे झाले. दोघांचंही भलं झालं, म्हणून तिथे वादच नाही. आमच्याकडे गोस्टकोव्स्की आला नाही. आमच्याकडे कोडी पार्की आला.

पार्कीबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. २०१८ मध्ये बेअर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा, दीड कोटी डॉलरचा करार केला. संघ त्या वर्षी सुंदर खेळत होता, १२ जिंकले आणि ४ हरले. दिवाळीच्या आठवड्यात डेट्रॉइटविरुद्धच्या एकाच सामन्यात पार्कीची किक चार वेळा खांबाला लागली. दोन फील्ड गोल आणि दोन एक्स्ट्रा पॉइंट. त्यानंतर तो आठवड्यात सोल्जर फील्डवर सरावाला जायला लागला, तर टीव्हीवाल्यांनी हेलिकॉप्टरमधून त्याचं चित्रण केलं. रिकाम्या मैदानात एक माणूस लाथ मारतोय आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. वारा शिकायला गेला होता तो. जो आपण दोन वर्षांपूर्वी घराबाहेर काढला होता, तोच वारा.

६ जानेवारी २०१९, प्लेऑफचा म्हणजे बाद फेरीचा सामना, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध. संक्रांत नऊ दिवसांवर होती म्हणून मी तिळगुळाचे लाडू करायला घेतले होते. बाहेर टीव्हीसमोर भाऊजी, जाऊबाई आणि मुलं. चिक्कीच्या गुळाचा पाक गॅसवर, शेजारी वाटीत गार पाणी. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी करून वाटीच्या काठावर आपटायची. टणकन वाजली की गॅस बंद, लगेच तीळ. एक मिनिट मागेपुढे झालं तरी लाडू बिघडतो. थेंब अजून मऊ होता तेवढ्यात भाऊजींनी हाक मारली, "वहिनी, पार्की येतोय!" १५-१६ ने मागे, १० सेकंद शिल्लक, ४३ यार्ड. मी उलथनं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिले.

त्याने मारला आणि चेंडू खांबांच्या मधून गेला. मुलांनी उड्या मारल्या. पण ईगल्सच्या प्रशिक्षकाने अगदी आयत्या क्षणी टाइम-आउट घेतला होता, ती किक धरलीच नाही. पुन्हा मारायची. मी आत गेले नाही. पार्की एकटा उभा होता, हात खाली सोडलेले. मग दुसरी किक. चेंडू डाव्या खांबावर आदळला, तिथून खाली आडव्या दांडीवर, आणि पुढे मैदानात पडला. दोन्ही आवाज टीव्हीवर ऐकू आले. घरात कुणीच बोललं नाही. मला वास आला तो करपल्या गुळाचा. पाक काळपट झाला होता. तीळ घातले, पण लाडू वळेनात. रात्री तो सगळा दगड मी बत्त्याने फोडून डब्यात भरला.

नंतर कळलं की ईगल्सच्या एका खेळाडूचं बोट चेंडूला लागलं होतं. लीगने ती किक अडवलेली म्हणून नोंदवली. त्याच सामन्यात पार्कीने आधी तीन फील्ड गोल मारले होते, बेअर्सच्या १५ गुणांतले ९ त्याचे होते. कुणाला आठवतात? चेतन शर्माने नागपुरात विश्वचषकातली हॅटट्रिक घेतली, ती लोकांना सांगावी लागते. शारजाचा शेवटचा चेंडू सांगावा लागत नाही. सामन्यानंतर पार्की पत्रकारांसमोर उभा राहिला आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिला. पुढच्या शनिवारी शिकागोतल्या गूझ आयलंड ब्रुअरीने ४३ यार्डांवर खांब उभे करून लोकांना बोलावलं, मारून दाखवा म्हणून. बर्फ पडत होतं. शंभराच्या आसपास लोकांनी प्रयत्न केला, एकालाही जमलं नाही. पण पार्कीला मोसमानंतर काढलंच.

म्हणून मी म्हणते की गोल्डला सोडण्याची किंमत फक्त बेअर्सनी मोजली नाही. बार्थने मोजली, पार्कीने मोजली. या दोघांना प्रत्येक किक गोल्डच्या सावलीत मारावी लागली. चेंडू जरा वाकडा गेला की साठ हजार माणसांच्या ओठांवर दुसऱ्याचंच नाव. नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून थोरलीची आमटी ऐकवली तर तिच्या हातून मीठ जास्त पडणारच. गोल्डला आणखी दोन-तीन वर्षं ठेवून, त्याच्या डोळ्यांदेखत नवा मुलगा तयार केला असता, त्याला वाऱ्याच्या चार गोष्टी कळू दिल्या असत्या, तर जो आला असता तो पाहुण्यासारखा आला नसता.

२०१९ च्या उन्हाळ्यात थोडी आशा होती. गोल्डचं कुटुंब शिकागोतच राहत होतं, त्याला सॅन फ्रान्सिस्को सोडायचं होतं, तसं तो उघड बोलला होता. इकडे बेअर्स एकामागून एक किकर बोलावून प्रत्येकाला ४३ यार्डांवरून मारायला लावत होते. भाऊजींनीसुद्धा तेव्हा म्हटलं, "आला तर घ्यावा." जुलैमध्ये त्याने तिथेच चार वर्षांचा करार केला. त्या ऑक्टोबरात आमच्या नव्या किकरचा, एडी पिनेरोचा, ४१ यार्डांचा चुकला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

मग २०२० मध्ये काइरो सँटोस आला आणि त्याने ओळीने २७ मारून गोल्डचा २६ चा विक्रम मोडला. भाऊजींनी मला त्याच संध्याकाळी फोन केला. "वहिनी, मिटलं आता." मला सँटोसबद्दल मनापासून आनंद झाला, तो गुणी खेळाडू आहे. पण बाबांचं वाक्य मी त्यांना ऐकवलं.

२२ जानेवारी २०२२ च्या रात्री फोर्टीनाइनर्सचा प्लेऑफचा सामना ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानावर होता. पॅकर्स म्हणजे बेअर्सचे शंभर वर्षांचे वैरी. बर्फ पडत होतं. १०-१० अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद, ४५ यार्ड, आणि गोल्ड आत आला. भाऊजी आमच्याकडेच होते. आम्ही दोघंही उभे राहिलो. प्लेऑफमध्ये त्याने तोवर एकही किक चुकवली नव्हती, पुढेही निवृत्त होईपर्यंत चुकवली नाही. चेंडू बर्फातून सरळ गेला. पॅकर्स हरले. भाऊजींनी दोन्ही हात वर केले आणि इतक्या जोरात ओरडले की वरच्या खोलीत झोपलेला माझा मुलगा जिन्यावर आला.

मग ते खाली बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तरी पण वहिनी, २०१६ साली जे हातात होतं त्यावरून माझं म्हणणं बरोबरच होतं हं."

"नव्हतं," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मी आलं किसत होते आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन पुन्हा ३६ यार्डांच्या त्या किकपासून सुरुवात करत होते.